पाटील मास्तर

सातारा जिल्ह्याची पश्चिम बाजू सह्याद्रीच्या रांगांनी व्यापलेली आहे. कोयना, वेण्णा आणि उरमोडी या नद्यांच्या खोऱ्यांत दहा-वीस उंबऱ्यांच्या वाड्या डोंगराच्या कुशीला बिलगून बसलेल्या आढळतात. पूर्वेकडे माण-खटावचा अवर्षणग्रस्त मुलूख, तर दक्षिणेकडे कृष्णा-वारणेच्या काठची काळी, कसदार जमीन. १९४९ पर्यंत वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुकेही याच जिल्ह्यात मोडत असत. त्या वर्षी दक्षिण सातारा असा निराळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या सर्व विस्तीर्ण प्रदेशात विसाव्या शतकाच्या आरंभी शेकडो गावे अशी होती की, तेथे शाळा नव्हती. पत्र आले तर ते वाचून घेण्यासाठी दुसऱ्या गावी जावे लागे. सावकाराच्या कागदावर अंगठा उठविताना त्यावर काय लिहिले आहे, हे अंगठा उठविणाऱ्यास कळत नसे.

या गावांना शाळा हवी होती, हे तर उघडच आहे. परंतु इमारत, फळा आणि खडू यांनी शाळा होत नाही. शाळेला शिक्षक लागतो, आणि तो त्या वाडीत राहणारा लागतो. शहरात शिकलेला मनुष्य पावसाळ्यात चार महिने जगापासून तुटणाऱ्या वाडीत टिकत नसे. मग असा शिक्षक आणावयाचा कोठून? हा प्रश्न ज्यांनी आपल्या आयुष्याचा प्रश्न मानला आणि तो बव्हंशी सोडवून दाखविला, ते कर्मवीर भाऊराव पाटील होत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या त्यांच्या आजोळच्या गावी झाला. त्यांचे घराणे जैन शेतकऱ्याचे. मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील सरकारी महसूल खात्यात कारकून होते. त्यांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे बालपण निरनिराळ्या गावी गेले. मुलगा अंगाने दणकट, कुस्तीचा शौकीन आणि अन्याय दिसला की उसळून उठणारा असा होता. अस्पृश्य मानलेल्या लोकांना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, हे पाहून त्याने त्या विहिरीचा रहाट मोडून टाकल्याची हकिकत त्या भागात आजही सांगितली जाते.

इंग्रजी शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि जैन वसतिगृहात राहू लागले. तेथे एक प्रसंग घडला. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस् क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास ते हौसेने गेले. परत येताच, स्नान केल्यावाचून भोजनगृहात पाऊल ठेवू नये, असे त्यांना फर्माविण्यात आले. भाऊरावांनी स्नान करण्यास नकार दिला. तसा या नकाराचा अर्थ त्यांना पूर्णपणे ठाऊक होता. वसतिगृह सुटले, जेवणाची सोय सुटली, आणि बिछाना काखेत मारून ते बाहेर पडले. राजर्षी शाहू महाराजांना हे वृत्त समजले तेव्हा त्यांनी या मुलाला आपल्या आश्रयास ठेवून घेतले. निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढणाऱ्या या राजाचे कार्य भाऊरावांना येथे जवळून पाहावयास मिळाले.

अभ्यासात मात्र त्यांची गाडी गणितापाशी अडली. इंग्रजी सहावीत ते अनुत्तीर्ण झाले. स्वतः महाराजांनी गणिताच्या शिक्षकांकडे शब्द टाकला, तेव्हा त्या शिक्षकांनी, हा मुलगा ज्या बाकावर बसतो तो बाक मी वरच्या वर्गात घालीन, परंतु मुलाला घालणार नाही, असे नम्रपणे कळविले, अशी आख्यायिका आहे. राजाची भीड न बाळगणाऱ्या त्या शिक्षकाचे भाऊरावांना पुढे कौतुकच वाटत असे, असे म्हणतात. काही असो, भाऊरावांचे शालेय शिक्षण तेथेच संपले. मॅट्रिकची पायरी त्यांनी कधीच ओलांडली नाही.

अशा तरुणाला सातारच्या लोकांनी मास्तर म्हणावे, हा दैवाचा विनोदच म्हटला पाहिजे. परंतु घडले तसेच. उदरनिर्वाहासाठी भाऊराव साताऱ्यास विद्यार्थ्यांच्या खाजगी शिकवण्या करू लागले, आणि थोड्याच काळात पाटील मास्तर या नावाने त्यांचा बोलबाला झाला. कोणत्या ठिकाणी मुलाला अडते, हे स्वतः अडलेल्या माणसाला जितके चटकन उमगते तितके कधीच न अडलेल्याला उमगत नाही. शिकविण्याची कला भाऊराव कोणत्याही अध्यापन विद्यालयात शिकले नाहीत. समोर बसलेल्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत ते ती शिकले. याच सुमारास, १९१० साली, मिरजेजवळच्या दूधगाव येथे काही सहकाऱ्यांसह त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक आश्रम काढला. पुढील आयुष्यात जो वृक्ष विस्तारला, त्याचे बी येथे पेरले गेले.

परंतु हे कार्य सरळ रेषेत पुढे गेले नाही. १९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील व्यक्तींच्या पुतळ्यांना कोणी तरी डांबर फासले. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी, असा पोलिसांचा आग्रह होता. साक्ष खोटी होती. भाऊरावांनी ती दिली नाही. त्यांना कोठडीत डांबण्यात आले, त्यांचे अतोनात हाल झाले, तरी त्यांच्या तोंडून तो एक शब्द निघाला नाही. शिक्षकाच्या अंगच्या गुणांची यादी करताना आपण आवाज, अक्षर आणि विषयाचे ज्ञान यांची गणना करतो. ती योग्यच आहे. तथापि गावातील चार बलवान माणसांनी हवे ते वदवून घ्यावयाचे म्हटले, तर नाही म्हणण्याचे बळ ज्याच्यापाशी नाही, त्याच्या हाती गावाची मुले सोपवावीत काय, हा विचारही केला पाहिजे.

सुटका झाल्यावर पोटासाठी भाऊरावांनी पुन्हा धंदा शोधला. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आणि कऱ्हाडजवळील ओगल्यांच्या कारखान्यातील काचसामान यांचे विक्रेते म्हणून ते खेडोपाडी हिंडू लागले. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या बांधावर बसावे लागते, त्याची भाकरी खावी लागते, त्याचे कर्ज किती आणि त्याची मुले काय करतात हे ऐकून घ्यावे लागते. या भटकंतीने महाराष्ट्राचे खेडे भाऊरावांना जितके कळले, तितके ते कोणत्याही ग्रंथातून कळले नसते. लाकडी नांगराच्या जागी लोखंडी नांगर आला तरी हिशेबाची वही सावकाराकडेच राहते, हे त्यांनी गावोगावी पाहिले. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा पगडा त्यांच्या मनावर होताच. त्या विचाराला आता अनुभवाची जोड मिळाली.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. रयत म्हणजे सामान्य प्रजा, कष्टकरी शेतकरी. काले आणि नेर्ले येथे वसतिगृहे निघाली, आणि १९२४ साली संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आले. तेथे सुरू झालेल्या वसतिगृहाला राजर्षी शाहूंचे नाव देण्यात आले. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते हा नामकरण समारंभ झाला. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा सर्व जातिधर्मांची मुले तेथे एका पंक्तीत जेवत आणि एका छपराखाली निजत. आज ही गोष्ट साधी वाटते. परंतु त्या काळी या एकाच पंक्तीपायी कित्येक पालक आपली मुले परत नेत, कित्येक देणगीदार हात आखडता घेत. भाऊरावांनी पंक्ती मोडल्या नाहीत. ते नवीन देणगीदार शोधीत राहिले.

या सर्व खटाटोपात ज्यांच्या नावाचा उल्लेख पुष्कळदा ओझरता होतो, त्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्या कर्मठ वातावरणात वाढलेल्या होत्या. आपल्या चुलीवर सर्व जातींच्या मुलांचे अन्न शिजावे, ही कल्पना त्यांच्या मनाला सहजासहजी पटण्यासारखी नव्हती. तरीही त्यांनी त्या मुलांना पोटच्या पोरांप्रमाणे जवळ केले. वसतिगृहातील धान्य संपे, दुकानदार उधार देईनासा होई, आणि भाऊराव मदतीसाठी कोठे तरी दूर गेलेले असत. अशा वेळी लक्ष्मीबाई आपल्या अंगावरील एकेक दागिना काढून देत. शेवटी एका प्रसंगी मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्यांचे निधन झाले. आपल्या यजमानांच्या संस्थेची पुढील भरभराट पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ज्या वर्षांत ती संस्था एखाद्या रात्रीतच बंद पडली असती, ती वर्षे मात्र त्यांनी सांभाळली.

वसतिगृहातील मुले फुकट जेवत नसत. झाडलोट, दळण, स्वयंपाक, भांडी, शेतातील नांगरट, पाणी शेंदणे ही सर्व कामे तीच करीत. कमवा व शिका या नावाने ही पद्धती पुढे सर्वत्र ज्ञात झाली. हाताने काम केले म्हणजे जातीचा ताठा उतरतो आणि घेतलेल्या शिक्षणाची किंमत कळते, अशी भाऊरावांची श्रद्धा होती. तिचा आणखी एक लाभ झाला, तो पुढे शिक्षक घडविताना उपयोगी पडला. जो मुलगा स्वतःची भाकरी भाजू शकतो, विहिरीचे पाणी काढू शकतो आणि गळके छप्पर शाकारू शकतो, तो कोणत्याही वाडीत राहू शकतो.

खेड्यातील शिक्षकाची अडचण भाऊरावांच्या डोळ्यांपुढे सतत होती. त्या काळी मराठी सातवीची फायनल परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तरुणाला प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळत असे. पण फायनल होणे निराळे आणि शिकविता येणे निराळे. असा नवशिका मास्तर आपल्या लहानपणी जसे शिकला तसेच शिकवी. मोठ्याने घोकंपट्टी, पाढ्यांचा गजर, आणि चुकले की छडी. म्हणून १९३५ साली भाऊरावांनी साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय सुरू केले. बादशहा पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाचा तो रौप्यमहोत्सव असल्याने सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज असे लांबलचक नाव त्याला देण्यात आले. पुढे ते नाव जाऊन महात्मा फुले यांचे नाव आले, हे अधिक शोभून दिसले.

अध्यापन विद्यालयात मनुष्य नेमके काय शिकतो, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. तेथे होऊ घातलेला शिक्षक आधी पाठाचे टाचण काढावयास शिकतो. आज मुलांना कोणती एक गोष्ट कळली पाहिजे, ती त्यांना आधीपासून ठाऊक असलेल्या कोणत्या गोष्टीपासून सुरू करावी, मध्ये कोणते प्रश्न विचारावे, फळ्यावर काय लिहावे, हे सर्व तो कागदावर मांडतो. मग खऱ्याखुऱ्या वर्गापुढे उभा राहून तो सराव पाठ देतो. मागच्या बाजूस त्याचे सोबती व अध्यापक टिपणे करीत बसलेले असतात. पाठ संपला की टीका सुरू होते. प्रश्न विचारून त्याचे उत्तर तूच दिलेस, फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पाठ केलीस, कोपऱ्यातील मुलाकडे एकदाही पाहिले नाहीस. ही टीका कान लाल करणारी असते खरी. परंतु दुसऱ्या पाठाला त्याच चुका होत नाहीत.

खेड्यातील शिक्षकाला याहून आणखी एक अवघड विद्या लागते. तेथे बहुधा शिक्षक एकच आणि इयत्ता चार. पहिलीच्या मुलांना अक्षर गिरवावयास देऊन तिसरीला गणित सांगावयाचे. ते ती सोडवीत असता चौथीचे वाचन घ्यावयाचे. दुसरीच्या मुलांना चौथीतील एखाद्या हुशार मुलाच्या हवाली करावयाचे, आणि तरीही कोणती पाटी कोरी आहे हे ध्यानात ठेवावयाचे. शिवाय हजेरीपत्रक, दाखल्यांचे पुस्तक, गावकऱ्यांची समजूत, आणि गुरे राखावयास गेलेल्या मुलाला रानातून शाळेत आणणे ही कामे आहेतच. शाळेची पुस्तके ज्या एका लाकडी पेटीत असतील, तिची किल्लीही त्याच्याचपाशी. गावात दुसरे ग्रंथालय नाही, म्हणून तोच ग्रंथपाल. कोणत्या मुलाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे आणि कोणत्या शेतकऱ्याला वर्तमानपत्र वाचून दाखवावे, हेही त्यानेच ठरवावयाचे.

या ग्रंथालयाच्या बाबतीत बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून त्यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या तज्ज्ञास बडोद्यास आणिले, ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग काढविला आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या संस्थानातील खेड्यांतून फिरत्या ठेविल्या. शाळा सोडलेला मुलगा पुस्तकावाचून पुन्हा निरक्षर होतो, हे त्या राजाने ओळखले होते. भाऊरावांना त्यांच्याविषयी मोठा आदर होता. १९४० साली साताऱ्यास मुलांना मोफत शिकविणारे, श्रम करून राहण्याची सोय असलेले पहिले माध्यमिक विद्यालय काढले, तेव्हा त्याला त्यांनी महाराजा सयाजीराव हायस्कूल हे नाव दिले.

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. ज्या गावी शाळा नाही तेथे खाजगी संस्थांनी ती काढल्यास अनुदान द्यावे, असे सरकारने ठरविले. इतर संस्था या योजनेचा विचार करीत असता भाऊरावांची माणसे वाटेला लागलीही होती. साताऱ्याच्या पश्चिमेस असलेल्या यवतेश्वराच्या डोंगरावर निघालेली शाळा ही आरंभीच्या शाळांपैकी एक. त्यानंतर जावळी-पाटणच्या दऱ्याखोऱ्यांत, माणच्या माळावर, वारणेच्या काठी अशा शाळांची रीघ लागली. कोठे देवळाचा सभामंडप, कोठे चावडी, कोठे एखाद्या पाटलाच्या गोठ्याचा मोकळा भाग. शिक्षक मात्र साताऱ्यास तयार झालेला, बहुधा त्याच मुलखातील शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा पगार तुटपुंजा होता. गावाने दिलेले धान्य आणि घरोघरची भाजी यांवर त्याचा महिना निभे. तरी तो राहिला, कारण तो ज्या वसतिगृहातून आला होता तेथेही त्याला याहून अधिक मिळत नव्हते. सुमारे दहा-बारा वर्षांत या व्हॉलंटरी शाळांची संख्या ५७८ पर्यंत पोहोचली. पुढे त्या जिल्हा शिक्षण मंडळांच्या स्वाधीन करण्यात आल्या. स्वतःच्या हाताने उभारलेल्या इतक्या शाळा दुसऱ्याच्या हाती देणे किती संस्थाचालकांना साधेल, हे सांगणे कठीण आहे.

स्त्री शिक्षकांचा प्रश्न अधिक नाजूक होता. गावातील मुली शाळेत याव्यात तर शिकविणारी बाई हवी. आणि एकट्या तरुण स्त्रीने परक्या वाडीत राहणे त्या वेळी गावाला सहन होत नसे. संस्थेने साताऱ्यास मुलींच्या वसतिगृहाची आणि जिजामाता अध्यापन विद्यालयाची सोय केली. वसतिगृहाला नाव दिले ते लक्ष्मीबाईंचे.

१९४७ च्या जून महिन्यात साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. संस्थेला बरे दिवस आले असे वाटत असतानाच १९४८ मध्ये मोठे संकट ओढवले. गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी जाहीर सभेत सरकारवर कडक टीका केली, आणि सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. शेकडो शिक्षकांचे पगार अडले. चार समजुतीचे शब्द बोलून भाऊरावांना हा पेच सोडविता आला असता. पण कोठडीत जो मनुष्य वाकला नव्हता तो येथेही वाकला नाही. त्यांचा हा हट्ट योग्य होता की नाही, याविषयी दोन मते होऊ शकतात, कारण त्याची झळ त्यांच्या एकट्याला लागणार नव्हती. त्या दिवसांत शिक्षकांनी अर्ध्या पोटी शाळा चालू ठेवल्या आणि लोकांनी वर्गणी व धान्य आणून दिले. अखेर संत गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कऱ्हाडला निघालेल्या महाविद्यालयाला या संताचे नाव दिलेले आहे.

१९५५ साली साताऱ्यास आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन हे पदवीधरांसाठी शिक्षणशास्त्राचे महाविद्यालय स्थापन झाले. पदवी घेतलेले तरुण दूरदूरच्या गावांहून तेथे शिकविण्याची विद्या शिकावयास येऊ लागले. ते ज्यांच्या संस्थेत शिकत होते त्या वृद्ध गृहस्थांच्या अंगावर जाडीभरडी खादी असे. पुढे काठी टेकीत ते आवारातून फिरत, मुलांच्या भाकरीची चौकशी करीत, आणि शेतातील पिकाकडे नजर टाकून जात.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण हा किताब दिला, आणि त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने इंग्रजी सहावीपाशी शिक्षण थांबलेल्या या गृहस्थांना डी. लिट्. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. त्या वेळी त्यांची प्रकृती फारच ढासळली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचा देह साताऱ्यास आणण्यात आला. आडगावांतून, डोंगरवाड्यांतून लोक पायी आले. त्यांत शेतकरी होते, विद्यार्थी होते, आणि खांद्याला पिशवी अडकविलेले खेड्यापाड्यांतील कितीतरी मास्तर होते. त्यांची समाधी साताऱ्यास संस्थेच्या आवारातच आहे.